‘जयमालती’वरचा आठवा खलाशी

मी गौरव सीताराम घोजगे, वय २६ वर्षे, धंदा कंपनीत हेल्पर, रा. आंबी, ता. मावळ, जि. पुणे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणाचा दबाव नसताना जबाब देतो की,

माझी चुलती येसूबाई व तिचा मुलगा ओंकार, वय २४, आमच्या शेजारी राहतात. सन २०२२ मध्ये मी खलाशाची कागदपत्रे काढून ‘जयमालती’ या मालवाहू शिडाच्या गलबतावर एक खेप केली. गलबत लाकडी, तीस वर्षांचे जुने. वारा मागून असला की डिझेल वाचवायला शीड लावायचो. जाताना तांदूळ-कांदा, येताना खजूर. तळाच्या फळ्यांतून पाणी यायचे, दर दोन तासांनी पंप मारायला लागायचा. मी लय भ्यालो. परत गेलो नाही.

ओंकार दहावी नापास, त्याला कागदपत्रे मिळेनात. आमचे चेहरे सारखे आहेत. "दादा, तुझी कागदं पडून कुजत्यात, मला दे," म्हणाला. मी दिली. फळ्यांचे सांगितले नाही. सांगितले असते तर मी का परतलो ते गावाला कळले असते. तो दोन वर्षे माझ्या नावाने काम करीत होता.

दि. १२/११/२०२४ रोजी सकाळी फळी सुटून गलबत बुडाले. आठपैकी सात जणांना दुसऱ्या जहाजाने उचलले. आम्हाला काही ठाऊक नव्हते. दुपारी चार वाजता मी शिफ्टवर असताना समुद्रात शोध घेणाऱ्या बचाव कचेरीतून फोन आला. कागदांवर नंबर माझाच आहे. "गौरव के घर से बोल रहे हो?" विचारले. लफडे उघडे पडेल म्हणून मी घाईने, "मैं ही गौरव, घर पे हूँ," म्हणून फोन कट केला.

दि. १३ रोजी गलबतावरच्या भंडाऱ्याचा, म्हणजे वाचलेल्या स्वयंपाक्याचा, फोन आला. ओंकार रिकामे पिंप धरून तरंगत होता, जिवंत होता, असे तो म्हणाला. मी लगेच त्या बचाव कचेरीत फोन लावला. आठवा माणूस गलबतावर चढलाच नव्हता, घरी आहे, म्हणून शोध कालच थांबवला, असे उत्तर मिळाले. ओंकार नावाचे यादीत कोणी नाही. पोलिसांचा कागद आणा, म्हणाले.

चुलतीला आज सकाळी सगळे सांगितले. तिने मारले नाही, शिवीही दिली नाही. म्हणाली, "तुला आत टाकतील तर टाकू दे. पर माझा ल्योक पाण्यात हाये, एवढं आधी लिवून दे."

माझ्यावर गुन्हा नंतर दाखल करावा, माझी ना नाही. हा कागद आधी पाठवावा. साहेब, तिसरा दिवस आहे.

जबाब मला व चुलतीला मराठीत वाचून दाखवला. तिने ओंकारचे नाव दोनदा वाचायला लावले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.