पाठीवरची झोप

ते १९८४ साल डोर्काला अजून आठवतं. किसुमूच्या बसतळावर रांगेत तिच्या पुढे गाठोडं घेऊन अपोंदी उभी होती, पोर सांभाळायच्या कामावरून कालच काढलेली. तिची मालकीणबाई रडतं पोर घेऊन धावत आली.

"अपोंदी, तुझा तो पाठीवर बांधायचा कपडा दे. त्याशिवाय हा झोपत नाही."

"काल तर त्या कपड्याला घाण वास येत होता, बाई."

"वाद नको घालूस."

"पाठीवर बांधलं की पाय वाकडे होतात म्हणालात, म्हणून तर हाकललंत. ती विलायती बाबागाडी कुठाय?"

"तिच्यात तो राहत नाही."

"मग साहेबांना बसवा."

रांग हसली.

"बरं, चल परत. घे पाठीवर."

"आणि शेजारणींनी बघितलं तर?"

"त्या आल्या की खाली ठेव."

"म्हणजे चोरून? पोर आहे का चोरीचा माल?"

अपोंदीनं कपडा पोराभोवती गुंडाळला, पोर बाईंच्या हातात दिलं आणि ती बसमध्ये चढली.

तिनं पुढे गावी चहाची टपरी टाकली; डोर्का तिथलं रोजचं गिऱ्हाईक. पोर नैरोबीत साहेब झालं. बाई आता त्याच्याकडे मोलकरणीच्या खोलीत राहून नातवंडं सांभाळतात. सुनेला विचारल्याशिवाय उचलत नाहीत.