आधी पाचवीचा वर्ग काढा

बेंबळीकर मंडळी, माझ्या आधी बोललेले माधवराव पाटील, हैदराबादेहून मुद्दाम आलेले पाहुणे, आणि पलीकडे बायकांत बसलेली अप्पांची लेक महादेवी,

शिवलिंगअप्पा मास्तरांच्या समाधीवरची माती अजून वाळलेली नाही. अशा वेळी बोलणे कोणालाही जड जाते. मला अधिक जड जाते, कारण माझा जन्म वकिलीत गेला. उस्मानाबादच्या अदालतीत उभे राहून दुसऱ्याच्या बोलण्यातली फट शोधणे, एवढेच मला येते. शोक करणे मला जमत नाही. तरीही अप्पांच्या नावाने इथे आत्ताच जे वाचले गेले, ते ऐकून गप्प बसणे मला त्याहून जड झाले आहे.

माधवरावांनी ठराव वाचला. त्यात तीन वाक्ये आहेत. पहिले म्हणते, अप्पांच्या निधनाने गावाला दुःख झाले आहे. दुसरे म्हणते, गाव महादेवीच्या दुःखात सहभागी आहे. आणि तिसरे? तिसरे म्हणते, अप्पांच्या अंतिम इच्छेनुसार त्यांच्या शाळेची जागा आणि इमारत नियोजित आंतरराष्ट्रीय विद्यालयाच्या चालकांच्या, म्हणजे या पाहुण्यांच्या, स्वाधीन करावी. त्यानंतर आपल्याला सांगण्यात आले की, सर्वांनी उभे राहून मौन पाळावे, म्हणजे ठराव संमत झाला.

मंडळी, पहिल्या वाक्यासाठी कोण उभा राहणार नाही? दुसऱ्यासाठी कोण बसून राहील? आणि एकदा उभे राहिल्यावर ‘मी दोनच वाक्यांसाठी उभा होतो’ हे मौनात सांगणार कसे?

मागून कोण बोलले? ‘वकीलसाब, हितं बी कज्जाच का?’ मारुती, आवाज ओळखला मी. होय, इथेही. पण कज्जा मी आणलेला नाही. तो तिसऱ्या वाक्यात बसून आला आहे.

आता ही विद्यालयाची गोष्ट काय आहे, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अप्पांची शाळा बिगरीपासून चौथीपर्यंत. दोन खोल्या, वर मातीचे माळवद. त्या माळवदावर दर उन्हाळ्यात घरामागे पाटीभर पांढरी माती पडते. ती तुम्हीच आणून टाकता. चौथीनंतर मुलगा धाराशिवला गेला तर गेला, सोलापूरला कोणी नातलग असला तर तिकडे गेला. बहुतेक जात नाहीत. मुली तर नाहीतच. महादेवी वर्गात पहिली यायची. ती चौथीत थांबली, कारण पुढे पाचवी नव्हती. मास्तरांची लेक, आणि तिला पाचवी नाही! हे शल्य अप्पांच्या मनात किती खोल होते, हे मी जाणतो.

गेल्या हिवाळ्यात हे पाहुणे आले. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितले, बिगरीपासून पदवीपर्यंत सगळे एकाच आवारात होईल. शिक्षक देशोदेशांतून येतील. मी तिथे होतो. मी एवढेच विचारले की, साहेब, देश सध्या महायुद्धात एकमेकांवर बॉम्ब टाकण्यात गुंतले आहेत; बेंबळीला मास्तर पाठवायला त्यांना सवड कधी होईल? पाहुणे हसले.

मग ते म्हणाले, ‘मूल एकदा फाटकातून आत आले, की पदवी घेऊनच बाहेर पडेल.’ अप्पा म्हणाले, ‘मधी जेवायला घरी सोडाल का न्हाय?’

पाहुणे म्हणाले, ‘मुलांची निवड करावी लागेल. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीत एकदोन प्रश्न विचारू.’ अप्पा म्हणाले, ‘चार वर्साच्या पोराला? त्याला तुमचं इंग्रजी येत आसलं, तर त्यालाच मास्तर करा की वो!’ मारुती, तेव्हा सर्वांत मोठ्याने तूच हसला होतास.

पण त्यानंतर अप्पा गंभीर झाले. ते काय म्हणाले, ते नीट ऐका. ‘पदवीचं ऱ्हाऊ द्या, साहेब. आधी पाचवीचा वर्ग काढा. हितंच, ह्या माळवदाखाली. येक मास्तर द्या. पुढल्या साली सहावीचं बोलू.’ पाहुणे म्हणाले, ‘अप्पा, तुम्ही फार लहान विचार करता.’ अप्पा म्हणाले, ‘ल्हान पोरांतच जलम गेला माझा. मोठा इचार शिकवायला कोण व्हतं?’

मंडळी, पाचवीचा वर्ग निघाला नाही. पाहुणेही पुन्हा दिसले नाहीत. ते आज दिसत आहेत.

आता माझा प्रश्न. ज्याला वसतिगृह बांधायचे आहे, मैदान करायचे आहे, पदवीचे वर्ग काढायचे आहेत, त्याला माळवदाच्या या दोन खोल्या कशाला हव्यात? मी पुष्कळ विचार केला. खोल्यांत काही नाही. पण या शाळेजवळ एक गोष्ट आहे, जी पैशाने लवकर मिळत नाही. सरकारची परवानगी. आज या मुलखात नवी खाजगी शाळा काढायची म्हटले तर कचेऱ्यांचे किती उंबरे झिजवावे लागतात, हे तुम्ही जाणता. अप्पांची परवानगी जुनी आहे. शाळा ज्याच्या हाती, परवानगी त्याच्या हाती. मग तिच्या आडोशाने इथे काय निघेल, आणि ते कोणासाठी निघेल, हे आपल्याला विचारता येणार नाही. हा माझा संशय आहे. पुरावा नाही. या दोहोंतला फरक मला कळतो, म्हणून मी आरोप करत नाही. मी फक्त उभा राहायला नकार देतो.

राहिली अंतिम इच्छा. माधवराव म्हणतात, शेवटच्या दिवशी त्यांनी अप्पांना विद्यालयाबद्दल विचारले आणि अप्पांनी मान हलवली. माधवराव, तुम्ही खोटे बोलता असे मी म्हणत नाही. पण तापाने ग्लानीत असलेल्या माणसाची मान हलली, यावरून तो काय म्हणाला, हे ठरवायचे कोणी?

त्याच्या आदल्या दिवशी मी अप्पांच्या उशाशी होतो. त्यांनी मला विचारले, ‘वकीलसाहेब, पदवीपत्तुर खरंच हुईल का वो?’ मी म्हटले, ‘अप्पा, पाचवी निघाली का?’ ते म्हणाले, ‘न्हाय निघाली.’ मग म्हणाले, ‘निघाली आस्ती तर महादेवीला...’ पुढे म्हणाले, ‘साकु.’ अप्पा मनातले बोलताना कानडीत जात, हे तुम्हाला सांगायला नको. साकु, म्हणजे पुरे.

मी खोटी साक्ष देणार नाही. अप्पांनी नकार दिला, असे मी म्हणणार नाही. त्यांना ते विद्यालय हवे होते. फार हवे होते. पण हवे असणे आणि हवाली करणे या दोन गोष्टी आहेत. माणसाच्या आशेवर त्याचा अंगठा उमटवून घेता येत नाही.

आणि जी जिवंत आहे, तिला कोणी विचारले का? आज बिगरी महादेवी शिकवते. पाहुण्यांच्या योजनेत तिला जागा नाही. ‘लायक शिक्षक बाहेरून येतील’ असे ते त्या दिवशीच म्हणाले होते. काल मी तिच्याकडे गेलो. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘काका, उद्या शाळा हाय का, म्हणून पोरं इचारायलीत. काय सांगू?’

मंडळी, आजच्या सभेपुढचा खरा प्रश्न हा एवढाच आहे. माझे उत्तर असे. सांग, महादेवी, की उद्या शाळा आहे. तिसरे वाक्य आजच्या ठरावातून निघावे. पाहुण्यांनी आधी पाचवीचा वर्ग काढावा आणि वर्षभर चालवून दाखवावा. मग साधी सभा बोलवा, हात वर करून मते घ्या. त्या दिवशी अनुमोदन द्यायला मी स्वतः उभा राहीन.

आज मात्र नाही. ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ असे शास्त्र सांगते. पण मौनातून कोणाचा अर्थ साधतो, तेही पाहावे लागते. म्हणून मी आपल्याला विनंती करतो की, आपण अप्पांसाठी मौन पाळू; पण बसून पाळू. ज्याने आयुष्यभर मुलांना मांडी घालून बसवले, त्याच्यासाठी बसलेले गाव हा काही कमी मान नव्हे.

शिवलिंगअप्पा, तुमच्याच रीतीने तुम्हाला माझा शरणार्थ. मंडळी, आता सर्वांनी डोळे मिटावेत. कोण उभे राहते ते पाहायला माझे उघडे राहतील.