आठवा चिंचोका

...आणि मला म्हणते, आजोबा, हे तुम्हाला मोजता येणार नाही. मला? तुम्हाला सांगतो, गव्हाणच्या मिठागरावर चाळीस वर्षं मुकादमी केली, एक टोपली चुकली नाही. शाळा दुसरीपर्यंत, मान्य. पण मोजणं मला शिकवू नका.

ही माझी नात रूपा. पनवेलच्या कॉलेजात गणित शिकते. ओटीवर आठ चिंचोके मांडून रडवेली बसलेली. काय गं, म्हटलं, तर म्हणे, "आठ जणांचा ग्रुप आहे. दोघे भेटले की तिसरा कोण येणार ते ठरलेलं. हा आधी की तो आधी, फरक नाही. यातून चौघांच्या टोळ्या किती, ते काढायचंय. टोळीतले दोघे भेटले की येणारा टोळीतलाच हवा."

म्हटलं, नावं दे त्यांना. घरात आम्ही आठच. दोन मुलगे, दोन सुना, माझी बहीण ठमाबाई, दोन नातवंडं... सात झाले, एक उरला. हा मी, म्हटलं. पोरीनं तो आठवा चिंचोका बोटानं बाजूला सारला.

"आजोबा, तो शून्य आहे. तो कुणाला भेटला तरी समोरचा होता तसाच राहतो. आणि कुणी स्वतःलाच भेटला तर हा शून्य येतो."

म्हणजे काहीच करत नाही?

"नाही. पण त्याच्याशिवाय टोळी होत नाही."

बरं. मोजलं. बाकीचे प्रत्येकी तीन टोळ्यांत, मी सगळ्यांत. टोळ्या सात. तिच्या सूत्रानंही सातच आल्या. मोजणं मला शिकवू नका.

इथवर ठीक होतं हो. दुसऱ्या दिवशी थोरला अंकुश आणि धाकटी सून मालू पडवीत बोलत होते, मी तिथंच सुपारी कातरत बसलेलो, आणि तिसरी कोण आली? ठमाबाई. चिंचोक्यांत ठरली होती तीच. मालू म्हणते, "कलंबोलीचा ब्लॉक तिसऱ्या माल्यावर हाय. बाबांना जिना जमाचा नाय." ठमाबाई म्हणते, "र्‍हाऊ दे त्याला हितंच." हातभर अंतरावर मी. खोकलो. कुणी वळलं नाही.

दुपारी विहिरीवर थोरली सून सुनिता आणि ठमाबाई. मला आधीच ठाऊक, आता धाकटा हरेश येणार. आला. अंगावर काटा आला माझ्या, दुपारच्या उन्हात. हरेश म्हणतो, "म्हाताऱ्याला सांगाचा कुणी?" सुनिता म्हणते, "तुमी सांगा, बाप तुमचा हाय." मी म्हटलं, सांगून झालं. मोठ्यानं म्हटलं. तिघांनी बादल्या उचलल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, खांबाला वळसा घालावा तसे.

चार दिवसांत सातही टोळ्या बघितल्या. सातही टोळ्यांत माझाच विषय, सातही ठिकाणी मी हजर, आणि उत्तर एकच. आता सांगा, माझ्या घरातून मला वगळायला मी काय सांडलेलं मीठ आहे?

रविवारी सामान हलवायला टेम्पो आला. मी टोपी घातली आणि सगळ्यांच्या आधी पुढं जाऊन बसलो. उतरा, कुणी म्हटलं नाही. बसा, असंही नाही. ड्रायव्हरनं माझ्या मांडीवर आपली पिशवी ठेवली. सुनितानं बोट नाचवत मोजलं, पुढून मागं, नीट. "सात. चला, कुणी र्‍हायला नाय."

तीन माळे मी एकटा चढलो, न थांबता. चार महिने झाले. ब्लॉकमध्ये आता आम्ही सातजण राहतो, शून्याला, म्हणजे मला धरून.