ओली रेघ

—म्हणजे आधी मागच्या गल्लीत जाऊन आलात आणि मग इकडे. बरं. चालायचंच. या, या बाजूला उभ्या राहा, तिकडे जमिनीवर तेल सांडलंय. काय म्हणाला तो? नव्वद हजार किलोमीटर झाले, गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नाही, आता बदला — असंच ना? बरोबर म्हणाला. शोरूमवाले सांगतात की ऑटोमॅटिकचं तेल जन्मभर बघावं लागत नाही — कुणाचा जन्म, ताई? वॉरंटीचा जन्म. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा. साठ हजारालाच बदलायला हवं होतं, आणि रोज गर्दीत रांगणारी गाडी असेल तर त्याच्याही आधी. डी-मध्ये टाकली की जरा विचार करते आणि मग धक्का देऊन निघते, हो ना? सांगायला नको, कळतं मला. त्यालाही कळलं असणार. रेडिओ बंद, एसी बंद, काच खाली, मान अशी वाकडी करून एक चक्कर मारली असेल त्यानं. मारली ना? माहीत आहे मला.

आणि मशीन लावून, प्रेशर देऊन धुऊ नका म्हणाला? तेही बरोबर. सगळं बरोबरच असतं त्याचं, हाच तर वैताग आहे. इतकं जुनं तेल एकदम धुतलं की आतला गाळ सुटतो, बारीक वाटांत जाऊन बसतो, आणि आज धक्के देत का होईना चालणारी गाडी उद्या जागची हलत नाही. म्हणून खालचा बोल्ट उघडायचा, येईल तेवढंच तेल येऊ द्यायचं — निम्मंच येतं, निम्मं आत अडकून राहतं — जेवढं निघालं तेवढं मोजून नवं भरायचं, हजारेक किलोमीटर चालवायची, मग परत तेच. आणि तेल पुस्तकात लिहिलंय तेच. दुकानदार 'सगळ्यांना चालतं' म्हणून पुढे करतो ते नाही. तो हेच म्हणाला? अगदी ह्याच शब्दांत? म्हणणारच. मला त्यानंच शिकवलंय. सख्खा भाऊ आहे माझा, मोठा. अशा काय बघता? नाकावरून कळलं नाही?

मग स्वतःच का नाही केलं, ते विचारलंत का त्याला? विचारलंत. काय म्हणाला? 'मी गिअरबॉक्सला हात लावत नाही.' बस, एवढंच? पुढे काही नाही? नाही, सांगून टाकावं ना माणसानं. सगळ्या बाजाराला माहीत आहे, तुम्हीच नवीन दिसता. सात वर्षं झाली. हे गॅरेज दोघांचं होतं तेव्हा. पोस्टातल्या एक बाई होत्या, त्यांची ऑटोमॅटिक इंजिन ऑइल बदलायला आली होती. नुसतं इंजिन ऑइल, रोजचं काम. त्या गाडीला खाली दोन बोल्ट, शेजारी शेजारी, एक इंजिनचा, एक गिअरबॉक्सचा. चुकीचा बोल्ट उघडला गेला. गिअरबॉक्स निम्मा रिकामा झाला आणि आधीच भरलेल्या इंजिनात वरून साडेतीन लिटर ओतलं. बाई तीन दिवस गाडी नुसती घरून पोस्टात, पोस्टातून घरी नेत होत्या, चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर गाडी बसली. मागे ही रांग, हॉर्न, बाई रडकुंडीला. गिअरबॉक्स गेला, पार गेला. आणि बोल्टवर पांढरी रेघ होती. आमची पद्धत होती तशी — ज्यानं बोल्ट आवळला त्यानं त्यावर रंगाची रेघ ओढायची, बोल्टवरून थेट बाजूच्या पत्र्यापर्यंत. रेघ तुटलेली दिसली की समजायचं बोल्ट सैल झालाय, आणि रंगावरून समजायचं काम कुणाचं. दादाची पांढरी, माझी पिवळी. रेघ पांढरी निघाली. संपलं की मग.

पण मी म्हणतो, लोक लगेच बोट दाखवतात, चूक होते कशी ते कोणी बघत नाही. गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, पातळ, सरबतासारखं. ते लाल निघालं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. त्या बाईंनी तुमच्यासारखंच कधी बदललं नव्हतं, ते काळं निघालं. काळं, घट्ट. इंजिनचं म्हणून खपून जाईल असं. दादा म्हणायचा, बोटावर घे, वास घे, करपट आला की थांब. पण त्या दिवशी सकाळीच त्यानं चारचौघांत मला सांगितलं होतं की तू लावलेलं चाक परत तपास — चारचौघांत, ताई, गिऱ्हाइकांसमोर, आणि मी काही कालचा नव्हतो — मग कसला वास घेतोय मी, डोक्यात नुसता जाळ पेटलेला. ओतायच्या आधी इंजिनात काटा बुडवून लेव्हल बघितली असती तरी कळलं असतं.

काय? हो. ‘मी’च म्हणालो मी. ऐकलंत ना, मग परत काय विचारता?

गाडी ओढत आणली तेव्हा दादा बाईंना खुर्ची देत होता, पाणी देत होता. मी आधी खाली शिरलो. पिवळी रेघ मला दिसली ती त्या चुकीच्या बोल्टवर, माझ्या नाकासमोर. पेट्रोलचं फडकं हातातच होतं. त्याच्या रंगाची बाटली तिथेच चाकाजवळ. अर्धं मिनिट लागलं असेल. मग तो आला, खाली आडवा झाला, रेघेवर बोट ठेवलं — बोट पांढरं झालं. चार दिवसांपूर्वीची रेघ ओली कशी असेल, ताई? त्यानं बोटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट पँटला पुसलं, बाहेर आला आणि बाईंना म्हणाला, चूक माझ्या हातून झालीय.

का म्हणाला? मला हवं होतं का? कानाखाली वाजवायची होती, बाजारासमोर फरफटत न्यायचं होतं, मी दोन शिव्या घातल्या असत्या, त्यानं चार, मिटलं असतं. नाही. हे मोठं मन. महिन्याभरात मागच्या गल्लीत बसला, ब्रेक आणि पंक्चर करत. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, थोरल्याचं कामात लक्ष नसतं, धाकटा निभावून नेतो — आणि हा समोर बसून मान हलवायचा. मीही बसलेलो असायचो. आणि ऑटोमॅटिक आली की माझ्याकडे धाडतो. पुढे भावाकडे जा, त्याचा हात चांगला आहे — असंच म्हणाला ना? बोला ना आता. हात चांगला आहे म्हणाला ना?

असो. तुमचं काम. तेल भरलं की झालं असं नसतं. इंजिन चालू, तेल गरम, गाडी सपाट जागेवर, तेव्हा लेव्हल बघायची. एकानं आत बसून ब्रेक दाबून एकेक गिअर टाकायचा, थांबायचं, पुढचा टाकायचा, दुसऱ्यानं खाली. दोन माणसं लागतात. माझा मेकॅनिक परवा सोडून गेला. तिसरा. माझ्याकडे टिकत नाही कोणी, मी ओरडतो म्हणे. तुम्ही बसाल? नको. आतल्या माणसाला कंबरेत कळावं लागतं, कुठल्या गिअरला किती झटका. असं करा, मागे जा आणि त्याला म्हणावं, दहा मिनिटांचं काम आहे, भावानं—

थांबा. ताई, थांबा. नका जाऊ.

तो येईल. हाच तर ताप आहे. हातातलं काम टाकून येईल, हात पुसून सीटवर बसेल, मी खालून ओरडेन तसा गिअर टाकेल, आणि अवाक्षर बोलणार नाही. आणि जाताना मलाच विचारेल, जेवलास का. मला नाही झेपणार ते. ही घ्या चावी. मेन रोडला पेट्रोल पंपाशेजारी एक जण आहे, बरा आहे, त्याच्याकडे करून घ्या. हळू चालवत न्या, काही होत नाही. सांगितलं ना, नाही करत मी. गाडी काढा, मला शटर ओढायचंय.