इन्स्पेक्टरचं पोट

(बैठकीची खोली. भिंतीला लागून काचेची मोठी टाकी. आत एकच मासा, वीतभराहून मोठा, काळा, अंगावर नारिंगी डाग.)

आत्या : …आणि मी सगळ्यांना हेच सांगते. दादा गेला त्या दिवसापासून या मुक्या जिवानं अन्न सोडलं.

मुलगी : अन्न सोडलेलं नाही, आत्या. पोट साफ होत नाहीये त्याचं.

आत्या : शी! बाप जाऊन आठवडा झाला नाही आणि तोंडी काय भाषा!

मुलगी : वरून बघ ना. दोन्ही बाजूंनी फुगलाय. भेटायला आलेल्या एकेकानं भरवलंय त्याला. काय बोलावं ते सुचलं नाही की लोक टाकीकडे वळायचे. मामांनी चीज घातलं. बाबांचे जुने साहेब तर ‘फार मोठा माणूस गेला’ म्हणत अर्धं सँडविच चारून गेले.

आत्या : मी नाही हो काही घातलं.

मुलगी : तू केक घातलास.

आत्या : एवढुस्सा! काचेला तोंड लावून बघत होता बिचारा.

मुलगी : शिकारी मासा आहे तो. पोट फुटायला आलं तरी तोंड उघडंच. आपल्या नातेवाइकांत मिसळून गेला अगदी.

आत्या : जिभेला हाड नाही तुझ्या. माशांचा तो डॉक्टर काय म्हणाला?

मुलगी : खवले उभे राहिले असतील तर आशा सोडा, म्हणाला. तसे नाहीत. म्हणजे पोटच. उपाशी ठेवलं, पाणी जरा कोमट केलं, त्यात जुलाबाचं मीठ घातलं. आता उकडलेला वाटाणा, साल काढून.

आत्या : शिकाऱ्याला वाटाणा?

मुलगी : काल थुंकला. आजही थुंकला तर मन घट्ट करा, म्हणालाय.

आत्या : तुझं घट्टच आहे. कुणी पाहिलंय तुला रडताना? लोक विचारतात मला. मुलगी काय करते? तर म्हणे, टाकीत थर्मामीटर धरून बसते!

मुलगी : सांग त्यांना, माझ्या वाटचं मासा रडतोय. पाण्यात आहे म्हणून दिसत नाही.

आत्या : थट्टा पुरे. शेवटी दादाला सोबत होती ती याचीच.

मुलगी : होती ना. तू फोनवर, मीही फोनवर. विचारलं की म्हणायचे, ‘काही दुखत नाही गं मला.’

आत्या : फार सोशिक होता माझा दादा.

मुलगी : हो. सगळ्यांचीच सोय झाली.

आत्या : …अगं, बोटानं कशाला देतेस? चिमटा घे. दात आहेत मेल्याला!

मुलगी : चिमट्याकडे ढुंकून बघत नाही. बाबा बोटानंच भरवायचे. चावला तरी म्हणायचे, नुसत्या गुदगुल्या होतात.

आत्या : आला बघ. कसा बघतोय, जशी तू चोरीच केलीस.

मुलगी : उगाच नाही इन्स्पेक्टर म्हणायचे त्याला. या साहेब. वाटाणा आहे, लाच नाही. या… आई गं!

आत्या : घेतला! घेतला! अगं बाई, रक्त! बघू बोट.

मुलगी : आधी त्याच्याकडे बघ. थुंकला का?

आत्या : नाही, गिळला. गिळला गं! वर पुन्हा तोंड वासून उभा आहे निर्लज्ज. आता दाखव बोट. …अगं, रडतेस? एवढं लागलं?

मुलगी : हो.

आत्या : दादाला तर रोजच चावत असेल.

मुलगी : रोज. आणि म्हणे गुदगुल्या. दुखतं, आत्या. खूप दुखतं. खोटं सांगायचे ते.

आत्या : धर, हा पदर दाब बोटावर.

मुलगी : त्याला अजून एक द्यायला हवा.

आत्या : सरक. हा मी भरवते.