नोटिशीतला ‘डिफायंट’

सोमवारपासून तुम्ही सगळे मला वाघ म्हणताय ना, तर खरं काय झालं ते ऐका.

सुपरवायझर म्हणाला, "टाकीत उतर, गाळ काढायचाय." आमच्या कंपनीत माणूस आत उतरवण्याआधी गॅस तपासून परमिटवर सही करतात. सोमवारी परमिट कोरंच होतं. मी शिडी घट्ट धरली आणि एवढंच म्हणालो, "साहेब, मी नाय उतरणार."

दुसऱ्या दिवशी हातात इंग्रजी नोटीस पडली. बाकीचं कसंबसं कळलं, लेखी उत्तर द्या, नाहीतर कारवाई. पण माझ्यावर आरोप काय, तर ‘डिफायंट’. मला वाटलं, चोरीबिरीच घातली गळ्यात.

बेटेगावला वहिनीकडे गेलो. ती शाळेत इंग्रजी शिकवते. नोटीस वाचून म्हणाली, "भावजी, डिफायंट म्हंजे न घाबरता, छाती पुढे काढून विरोध करणारा."

"मी? अगं, माझी चड्डी ओली व्हायची बाकी होती!"

"मग तसंच लिवा."

मी लिहिलं: मी डिफायंट नाही, मी भ्यालो होतो. आधी साहेबांनी गॅस तपासून परमिटवर सही करावी आणि स्वतः टाकीत डोकावावं. मग मी उतरतो.

वहिनीने कागद दोनदा वाचला. "भावजी, सोमवारी तुमी डिफायंट नव्हता. पण हा कागद साहेबांच्या हातात दिलात, की व्हाल."

उत्तर द्यायची मुदत उद्या संपते. कागद अजून माझ्या खिशातच आहे.