मेगनच्या आईला केलेला फोन

वेल्समध्ये हेडटीचर व्हायचं तर आधी वेगळा कोर्स करून पॅनेलसमोर बसावं लागतं, हे तुला माहीतच आहे. माझ्या पॅनेलमध्ये एक निवृत्त हेडबाई होत्या. त्यांनी विचारलं, "शिक्षक म्हणून तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."

उत्तर मी पाठच करून गेले होते. मेगन नावाच्या मुलीचा निबंध इतका छान होता, की तिने तो कुठून तरी उतरवला असं मी ठरवलं आणि शून्य दिलं. नंतर तो तिचाच निघाला. मी मार्क दुरुस्त केले, आणि तेव्हापासून आधी मुलांचं ऐकून घेते, असं सगळं व्यवस्थित सांगितलं.

बाई म्हणाल्या, "तिला सॉरी म्हणालात?"

मी खरं ते सांगितलं, "नाही."

आपण नापास, असं धरूनच मी घरी आले.

मेगन आता आमच्याच शाळेत सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला आहे. दुसऱ्या दिवशी तिला कॉरिडॉरमध्ये गाठून माफी मागितली. ती जरा अवघडली. म्हणाली, "इट्स ओके, मिस. पण तुम्ही तेव्हा आईला फोन केला होता. तिलाही सांगाल का?"

पास झाल्याचं पत्र पुढे आलं. पण मेगन भेटली त्याच दिवशी लंचमध्ये मी तिच्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती रडून सांगत होती, मीच लिहिलाय म्हणून. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला."